आव्याची रात्र

पहिला पाऊस पडून गेला की पांढरी बोलायला लागते. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या गावाशेजारी ते मातीचं टेकाड असतं. काळीत पीक, पांढरीत वस्ती, ही आपल्याकडची फार जुनी वाटणी. पावसानं वरची धूळ धुऊन नेली की पांढरीच्या अंगावर खापरं उघडी पडतात. गुरं वळणारी पोरं ती उचलतात आणि ओढ्याच्या पाण्यावर भाकऱ्या काढतात. तुम्हीही एक उचला. मांजरेच्या काठचं, केजकडच्या अंगाचं.

आता ते कडेनं बघा. बाहेरून तांबडं, आतून तांबडं आणि मधोमध एक काळी रेघ. या रेघेत एक अख्खी रात्र साठली आहे. मातीत मिसळलेली लीद पुरती जळून जायच्या आत आव्याची, म्हणजे कुंभाराच्या उघड्या भट्टीची, धग उतरली, म्हणून मधला पदर काळा राहिला. खापर पालथं करा. पाठीवर ओल्या मातीत ओढलेल्या बोटाची खूण आहे. तिच्यावर आपला अंगठा ठेवा. बसला? मग आता उचलू नका.

१९४१ सालचा फाल्गुन आहे. मुलूख निजामाचा. अंबाजोगाईचं सरकारी नाव मोमिनाबाद आहे आणि बाजारात हाली सिक्का चालतो. दिवस कलला आहे. गावाच्या खालच्या अंगाला, जिथून वारा घरांकडे जात नाही अशा मोकळ्या जागी, तुम्ही उभे आहात. शेजारी कुंभाराच्या अंगणात दोन गाढवं डोळे मिटून उभी आहेत. त्यांच्या पाठीवरची गोणपाटं अजून ओली आहेत, म्हणजे आजच तळ्याचा गाळ आणलेला आहे.

काळ्या रानाची माती इथं कामाची नाही, हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. उन्हाळ्यात त्या रानाला पडलेल्या भेगा तुम्ही पाहिल्या आहेत. पाय जाईल एवढ्या. वाळताना जी माती एवढी आकसते तिचं मडकं उन्हातच फुटेल. म्हणून तळ्याचा गाळ, नदीकाठची चिकण, थोडी वाळू, राख आणि चाळलेली लीद. हे सगळं पायानं तुडवून तुडवून एकजीव करायचं. किती लीद घालायची, याचं माप कुठंही लिहिलेलं नाही. म्हातारा कुंभार चिमूटभर गारा बोटांत चोळतो, सुनेकडे बघतो आणि ती आणखी अर्धी पाटी ओतते. एवढंच त्यांचं बोलणं.

चाक बाजूला उभं करून ठेवलंय. चाकावर फक्त भांड्याचा गळा आणि कच्चं अंग होतं, पोट नंतर वाढवतात. म्हातारी मांडीशी मडकं घेऊन बसली आहे. डाव्या हातात आतून दगडी गोळा, उजव्या हातात लाकडी थापटणं. आत गोळा जिथं असेल तिथंच बाहेरून थापटणं पडतं. ती बघत नाही, ऐकते. भिंत पातळ होत जाते तसा आवाज बदलतो. जाड मुठीएवढं बूड घटकाभरात माठाचं गोल पोट होतं आणि कुठंही अंगठ्यापेक्षा जाड राहत नाही. तुम्ही जे खापर हातात धरून आलात त्यावरची बोटाची रेघ अशाच कुणा बाईची असेल. चाकावर पुरुष बसतो म्हणून आपण कुंभार म्हणतो. पण तुडवणं, थापटणं, कावेचा हात देणं आणि डोक्यावर हारा घेऊन गावोगाव विकणं यांत बायांचा हात किती, हे या अंगणात एक दुपार बसल्यावर कळतं.

आता आवा रचायला घेतात. इथं भिंत नाही, दार नाही, धुराडं नाही. जमिनीत उथळसा खळगा, त्यात गोवऱ्यांचा थर. त्यावर मोठे रांजण आडवे, त्यांच्या खांद्यांत माठ, माठांच्या फटींत गाडगी, बोळकी, पणत्या. प्रत्येक दोन भांड्यांमध्ये बोटभर वाट, आगीला जायला. फुटकी खापरं अटकण म्हणून. मधेमधे तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीचे तुकडे. जंगल इथं नावालाच. रानानं माणसाला धान्य देऊन झाल्यावर जे उरतं तेच कुंभाराचं सरपण. वरून पुन्हा गोवऱ्या, मग सरमड, मग राख आणि सगळ्यावर ओल्या चिखलाचा पातळ हात. शेवटी बोटानं पाडलेली भोकं. दोन महिन्यांची मेहनत या ढिगात आहे. यातले रांजण उन्हाळ्यात घराघरांत जातील. गावाला वर्षभर भांडी पुरवायची आणि सुगीत खळ्यावर जाऊन ज्वारीचं बलुतं घ्यायचं, असा हा व्यवहार. संक्रांतीचं सुगड, नवरात्राचा घट, अक्षय्यतृतीयेचा करा आणि शेवटच्या वाटेवर पुढं धरायचं मडकं, सगळं इथूनच जातं.

म्हातारा खाली बसतो, हात जोडतो आणि एका बाजूनं जाळ लावतो.

“पाव्हणं, हिकडं सरका. धूर तिकडं वळंल,” तो म्हणतो. तुम्ही सरकता आणि खरंच काही क्षणांत धूर तिकडे वळतो.

पहिले दोन-तीन तास काहीच घडत नाही असं वाटतं. भोकांतून पांढरं काहीतरी सावकाश निघत राहतं. त्याला धूर समजू नका, ती वाफ आहे. आठ-दहा दिवस सावलीत, मग उन्हात वाळवूनही मातीच्या कणाकणांत पाणी उरलेलंच असतं. ते हळू निघालं पाहिजे. जाळ एकदम वाढला तर आतल्या आत वाफ कोंडते आणि भांडं फुटतं. मध्यरात्रीच्या आधी कधीतरी ढिगातून बारीकसा आवाज येतो. टच्च. म्हातारा मान वर करत नाही. “एक गेलं,” म्हणतो. “खालच्या थरातलं. गाडगं असंल.” सून उठते, वाऱ्याच्या बाजूच्या भोकावर मूठभर ओला चिखल दाबते आणि परत येऊन बसते.

आत काय चाललंय ते आपल्या काळातून सोबत आणलेल्या ज्ञानानं बघा. साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सियसच्या दरम्यान मातीच्या घडणीत बांधलेलं पाणीही सुटून जातं. इथपर्यंत जे मडकं होतं ते पाण्यात टाकलं असतं तर विरघळून परत गाळ झालं असतं. याच्या पुढं ते कधीच गाळ होणार नाही. फुटलं तरी खापर राहील, दोन हजार वर्षं राहील. ही वेळ रात्री कधी येते ते म्हाताऱ्याला ठाऊक आहे. अंशांनी नाही, रंगानं. भोकाशी डोळा नेऊन तो आतला लाल बघतो. वाळलेल्या रक्तासारखा लाल म्हणजे अजून वेळ आहे. गुंजेसारखा लाल झाला की पोचलं. भगवा दिसायला लागला की हात आखडता घ्यायचा. हा जाळ फार तर आठशे-नऊशे अंशांपर्यंत चढतो आणि तिथंच त्याला थांबवायचं असतं.

का थांबवायचं, हे समजायला घटकाभर फार लांब जावं लागेल. याच वर्षी जपानात, क्योटो शहरातल्या गोजोझाका भागात, कावाई कांजिरो नावाचा पन्नाशी गाठलेला कुंभार आपल्या भट्टीपुढे उभा आहे. १९२० साली घेतलेली ही त्याची नोबोरिगामा, म्हणजे चढती भट्टी. उतारावर एकाला एक लागून आठ दालनं, पायऱ्यांसारखी वर चढत गेलेली. खालच्या दालनाची वाया जाणारी धग वरच्या दालनाला तापवते. पाइनच्या लाकडाचा जाळ रात्रंदिवस चालतो, १२५०-१३०० अंशांपर्यंत. तेवढ्या धगीत माती वितळायच्या बेताला येते, भांड्यावर पडलेली लाकडाची राखच काच होऊन बसते. पुढं जपान सरकार त्याला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान देऊ करील आणि तो नाकारील. १९६६ मध्ये तो जाईल, १९७१ मध्ये शहरातल्या धुराच्या कायद्यामुळे ती भट्टी विझेल आणि तरीही ती पाडली जाणार नाही. त्याचं घर १९७३ पासून संग्रहालय आहे. मागच्या अंगणात ती आठ दालनं आजही उभी आहेत.

त्या भट्टीतून निघालेल्या भांड्यातून थेंबभर पाणी झिरपत नाही. आणि मराठवाड्याला नेमकं झिरपणारं भांडं हवं आहे. आव्यात लीद जळून गेली की तिच्या जागी बारीक बारीक पोकळ्या उरतात. वैशाखात माठ भरून ठेवला की त्या पोकळ्यांतून पाणी अंगावर येतं आणि हवेत उडतं. एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. तेवढ्यात आतलं अर्धा किलोहून अधिक पाणी एका अंशानं निवतं. धग दोनशे-तीनशे अंशांनी वाढली असती तर पोकळ्या मिटत गेल्या असत्या आणि माठातलं पाणी कोमटच राहिलं असतं. म्हणून आव्याला ‘साधी’, ‘मागासलेली’ भट्टी म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. उतारावरची ती भट्टी जितकी विचारपूर्वक चढते तितक्याच विचारानं हा आवा थांबतो. भर उन्हात चाळीस अंशांच्या मुलखात घोटभर गार पाणी मिळावं, एवढ्यासाठी तो थांबतो.

पहाट झाली. कोंबडं आरवलं. चिखलाच्या कवचाला भेगा पडल्या आहेत आणि त्यांतून आता काहीच निघत नाही. तरी कुणी हात लावत नाही. घाईनं उघडलेल्या आव्यात वाऱ्याची झुळूक गेली तर चांगलं भाजलेलं मडकंही तडकतं. ऊन चांगलं वर आल्यावर सून काठीनं राख ओढते. म्हातारी एकेक मडकं उचलते, बोटाच्या पेरानं वाजवते आणि दोन ढीग करत जाते. खण्ण. खण्ण. बद्द. बद्द वाजलेलं दुसऱ्या ढिगात.

“ते फुटकं का?” तुम्ही विचारता.

“न्हाई वो. कच्चं हाय. पुढल्या आव्यात लावू.”

‘कच्चं’ हा शब्द कानात राहू द्या. अंगठा खापरावर तसाच दाबून धरा.

आणखी मागं. काठ तेरणेचा, ही नदी पुढं मांजरेलाच जाऊन मिळते, म्हणजे चिखल एकाच घरचा. गाव तेर, आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं, केजपासून फार लांब नाही. १२९६ च्या आधीचं कुठलंतरी वर्ष आहे, ज्ञानदेव अजून हयात आहेत. परंपरा सांगते तो प्रसंग तुमच्यासमोर घडतो आहे. संत गोरा कुंभारांच्या, म्हणजे गोरोबाकाकांच्या, अंगणात संतमंडळी बसली आहेत. काका वयानं सगळ्यांत मोठे. कोपऱ्यात थापटणं पडलंय. मुक्ताबाई विचारते, हे काय? काका सांगतात, यानं मडकं पक्कं की कच्चं ते कळतं. मग आमचीही परीक्षा घ्या, ती म्हणते. काका उठतात, एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. सगळे शांत. नामदेवांना राग येतो. काका निकाल देतात: हे मडकं कच्चं.

कीर्तनात ही गोष्ट तुम्ही अनेकदा ऐकली असेल आणि दर वेळी नामदेवांचा अपमान झाल्यासारखं वाटलं असेल. आत्ता मात्र तुम्ही आव्यापाशी रात्र काढून आला आहात. कुंभाराच्या तोंडी कच्चं म्हणजे टाकाऊ कधीच नसतं. तडा गेलेलं भांडं फेकतात, कच्चं पुन्हा लावतात. नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, ते या अर्थानं पुढच्या आव्यात गेले. मोठमोठ्या उपदेशांपेक्षा एका कारागिराचा हा रोजचा शब्द मला मोठा वाटतो. आणि काकांच्या आयुष्यातली ती दुसरी गोष्ट, नामात हरवून माती तुडवताना पायाखाली आलेलं लेकरू, तीही या अंगणात उभं राहून ऐकवत नाही. गाऱ्यात पाय घोट्यापर्यंत रुतलेले असतात, लय लागलेली असते आणि खाली बघायची गरज उरलेली नसते. परंपरेनं त्यांचा काळ १२६७ ते १३१७ असा धरला जातो. समाधी तेरमध्येच आहे.

तेरलाच थांबा, फक्त काळ ढकला. सहा-सात शतकं मागं उत्तरेश्वराचं विटांचं देऊळ दिसेल. त्याची वीट हातात घ्या. अंदाज चुकतो, हात वर जातो. या विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. भाजताना मातीतलं जे जळायचं ते जळून जातं आणि मागं पोकळी उरते. माठाची आणि या विटेची विद्या एकच. काय ठेवायचं याच्याइतकंच काय जाळून टाकायचं, हे त्या भट्टीवाल्याला नेमकं माहीत होतं.

आणखी सहाशे वर्षं मागं जा. सातवाहनांचा काळ, इसवी सनाचं पहिलं शतक. गावाचं नाव तगर. एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी वाटांच्या पुस्तकात हे नाव आहे: भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. १९०१ मध्ये फ्लीट या अभ्यासकानं हे तगर म्हणजेच तेर असं ओळखलं. नकाशावर पैठण आणि तेर यांच्यामध्ये पट्टी ठेवून बघा, रेघ बीड शहराला जवळपास चाटून जाते. म्हणजे कापडाच्या गाठी घेऊन भडोचकडे निघालेल्या गाड्या तुमच्या-माझ्या गावांच्या शिवारांतून गेल्या असणार आणि गाडीवानांनी वाटेत याच मातीच्या मडक्यांतलं पाणी प्यायलं असणार.

तगरचा कुंभार काळी-तांबडी भांडी उतरवतो आहे. वाडगा आतून आणि काठाला काळा, खाली बाहेरून तांबडा. रंग लावलेला नाही. ज्या भागाला वारा मिळाला तिथलं मातीतलं लोह तांबडं झालं, जो भाग पालथा घालून राखेत दाबला तो धुरात कोंडून काळा राहिला. आवा रचतानाच त्यानं हे ठरवलं होतं. शेजारी कुणी पांढऱ्या केओलीन मातीच्या बाहुल्या करतंय, पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा, दोन्ही दाबून जोडलेले. यांतल्या कितीतरी वस्तू आज तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहेत. एका गावकऱ्यानं रानावनातून, पांढरीतून वेचून जमवलेल्या संग्रहातून ते उभं राहिलं. अशा वेचणाऱ्यांचे आपल्यावर फार उपकार आहेत.

परत निघा. वाटेत १९७२चा दुष्काळ लागतो, तिथं फार थांबवणार नाही. तळी उघडी पडली आहेत. गाळ आहे, पण तो भिजवायला पाणी नाही. माणसं खडी फोडताहेत, लेकरं सुकडीच्या रांगेत आहेत, पोटात परदेशातून आलेली मिलो ज्वारी आहे. त्या खडीवर हातोडा मारणाऱ्यांत थापटण्याला सरावलेले हातही आहेत. त्यानंतरची वर्षं झरझर सरकतात. जर्मनची घागर, मग स्टीलची, मग प्लास्टिकची. खळ्यावरचं बलुतं बंद. अनेक कुंभारघरं वीटभट्टीकडे वळली; जी बोटं माठाची भिंत आवाजावरून पातळ करायची ती साच्यातून विटा पाडू लागली.

आता आजच्या दिवसात या. अंगठा उचला. खापर गरम झालंय ते तुमच्याच हातानं.

क्योटोतली विझलेली भट्टी जपून ठेवली गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्याकडचा आवा मात्र जपून ठेवता येत नाही, कारण सकाळी त्याची राख होते. तो पुन्हा रचावा लागतो आणि घेणारं कुणी असेल तरच रचला जातो. बीड जिल्ह्यात आजही उन्हाळ्याच्या तोंडाशी आवे लागतात. या वर्षी माठ रस्त्याकडेच्या ढिगातून उचलू नका. जवळच्या कुंभारवाड्यात जा, शक्य झालं तर आवा उतरवण्याच्या सकाळी. भाव करू नका. बोटाच्या पेरानं वाजवून घ्या आणि एखादं बद्द वाजलं तर ते पुढच्या आव्यासाठी तिथंच ठेवा. आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की लीद किती घालायची, लाल कुठला झाला की थांबायचं. शक्य असेल तर ते लिहून ठेवा.

माठ घरी आणल्यावर पहिल्या दिवशीचं पाणी भरून ओतून द्या. दुसऱ्या दिवशी रात्री भरून खिडकीत ठेवा, जिथून वारा येतो तिथं. सकाळी माठाचं अंग ओलं असेल आणि पाणी गार.